आईने दाबलेली अक्षरं

माझ्या लॅपटॉपवर एक फाईल आहे आणि ती उघडत नाही. तिच्यात माझ्या आईचा आवाज आहे, थोडाथोडका नाही, कित्येक तासांचा. तो ऐकायला जो पासवर्ड लागतो तो आई आपल्याबरोबर घेऊन गेली. आई निरक्षर होती. सही म्हणून अंगठा द्यायची. अशा बाईने पासवर्ड ठेवलाच कसा, हा प्रश्न मला ज्याने त्याने विचारून झाला आहे, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा आला आहे. तेव्हा एकदाच लिहून टाकते.

आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजी असतात, पण जुन्या माणसांच्या मते लग्न लावते ती धवलारीण. हळदीपासून ते नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारीण तो गाते आणि मगच पुढचं काम हलतं. एक बाई ओळ टाकते, दुसरी ती मागून उचलते. माझी आई ओळ टाकणारी. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, उचलणारी. अंबरनाथपासून बदलापूरच्या पलीकडच्या गावांपर्यंत या दोघींनी किती मांडव गायले असतील, त्याची मोजदाद त्यांनाही नव्हती. सगळ्या पंचक्रोशीतल्या मुली आईने सासरी पाठवल्या. तिची स्वतःची मुलगी मात्र बिनलग्नाची राहिली. का राहिली, ते सांगायला बसले तर वेगळं पुस्तक होईल, आणि ते लिहायची मला हौस नाही.

मी आनंदनगरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. राहते बदलापूरच्या मांजर्लीत, दुसऱ्या मजल्यावर, नदीला पूर आला की खालच्यांचं सामान ज्यांच्या घरात येतं त्यांच्यापैकी मी. पूर सोडला तर माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. आई गावात भावाकडे असायची. जमीन गेली, तिच्या पैशातून भावाने इमारत बांधली, खोल्या भाड्याने दिल्या आणि तळमजल्यावरची अंगणाकडची खोली आईला दिली. माझ्या घरापासून रिक्षाने जेमतेम अर्धा तास. तरी मी जायची ती गणपतीला, दिवाळीला आणि कुणी आजारी पडलं तर. एरवी फोन. फोनवर आई एवढ्या मोठ्याने बोलायची की मधे यंत्राची गरजच नव्हती, आणि दोन वाक्यं झाली की "ठेव आता" म्हणायची.

एका लग्नात मी आईचा धवला सहज मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला. तो कुठून कसा फिरला कोण जाणे, पण पुढच्याच एका हळदीत डीजेवाल्याने तो ढोलाच्या ठोक्यात घालून वाजवला. आईचा आवाज पळवून पळवून चिमणीसारखा केलेला, आणि त्यावर पोरं नाचतायत. आई तिथेच पंगतीत बसली होती. तिने ताट तसंच ठेवलं आणि उठली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्याच रात्री मी तो धवला माझ्या मोबाईलवरून पुसला आणि ग्रुपवरच्या सगळ्यांना पुसायला लावला. त्यानंतर कुणी धवल्याचं आमंत्रण घेऊन आलं की आई गुडघे दुखतात म्हणून सांगायची.

गुडघे मावशीचे दुखत होते, आईचे ठणठणीत होते. मला वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. हिच्या डोक्यात आहे ते सगळं हिच्याबरोबर जाणार, हे दिसत होतं. मी म्हटलं, आपण नीट रेकॉर्ड करू, सगळं, पहिल्यापासून. आई म्हणाली, मांडव नसताना धवला गात नाहीत. मी पुष्कळ समजावलं. शेवटी ती तयार झाली, पण तिच्या अटींवर. मांडव पाहिजे, चौक पाहिजे, नवरी पाहिजे. आणि या गाण्यांना कुलूप पाहिजे.

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेले, तर आईने खोलीच्या दारावर आंब्याचा टहाळा बांधून ठेवलेला. एवढाच मांडव. फरशी पुसून तिच्यावर तांदळाचा चौक मांडत होती. चिमटीत तांदूळ घेऊन ती एकेका जागी सोडायची आणि हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटायची. चौक मांडताना कुणी हाताकडे बघितलेलं तिला चालत नसे. तो मांडून झाला आणि तिने लॅपटॉपला हळद लावली, मला लावली आणि पाटावर बस म्हणाली. नवरी मीच होते. पन्नाशीला टेकलेली, मुळाशी केस पांढरे झालेली नवरी. मला आधी हसू येत होतं. मग तिने डोळे मिटून हळदीचा धवला सुरू केला, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. तो धवला ती माझ्याच अंगणात, माझ्यासाठीच गायला किती वर्षं थांबली असेल, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

मग कुलपाची वेळ आली. आईची एक पत्र्याची पेटी होती आणि तिची किल्ली कमरेला असायची. अंघोळीला जातानाही ती किल्ली तिच्या नजरेसमोर लागे. त्यामुळे कुलूप म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी एक प्रोग्राम उतरवून घेतला होता. तो गाण्यांच्या फाईली एका तिजोरीत टाकतो आणि आतलं सगळं असं कालवून ठेवतो की पासवर्डशिवाय उघडायला गेलं तर नुसता भुगा दिसतो. एन्क्रिप्शन म्हणतात त्याला. पासवर्डचा चौकोन आला. मी टाईप करायला हात पुढे केला, तर आईने माझं मनगट धरलं.

"गानी माजी, त कुलूप पन माजा," ती म्हणाली. "तिकरं बग."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मागे टक, टक, मग थोडं थांबून टकटक, असा आवाज आला. तोंडाने ती चौक मांडताना पुटपुटायची तसंच पुटपुटत होती. प्रोग्रामने तोच पासवर्ड पुन्हा मागितला. मला वाटलं, आता फसेल ही. मी पुन्हा कॅलेंडरकडे तोंड केलं, पुन्हा टक, टक, आणि संगणकाने मुकाट्याने कबूल केलं. एक सूचना आली, की हा पासवर्ड विसरलात तर तुमच्या फाईली कुणालाही परत मिळवता येणार नाहीत. असल्या सूचना आपण जशा वाचतो तशीच मी ती वाचली आणि ओके दाबलं.

खरं सांगायचं तर पुढच्या रविवारी तिची फजिती बघायला मी टपून बसले होते. तिने मला तोंड फिरवायला लावलं आणि पहिल्या फटक्यात उघडून दाखवलं. वर म्हणाली, तुमच्या शाळेत एवढाच शिकवतात का.

तेव्हापासून दर रविवारी माझी गावाला खेप सुरू झाली. मी पोचेस्तोवर आई अंगणाच्या फाटकाशी उभी असायची. आधी जेवण, मग चौक, मग ती तिजोरी उघडायची. मागच्या वेळचं थोडं ऐकायचं, त्यावर तिनेच नावं ठेवायची, इथे दम तुटला, इथे मावशी असती तर बरं झालं असतं. मग नवीन गायचं. गाऊन झालं की तिजोरी बंद, आणि मोबाईलवरची प्रत तिच्यादेखत पुसून टाकायची. ती मोबाईल हातात घेऊन उलटसुलट करून बघायची, जणू मागच्या बाजूने काही चिकटून राहिलंय की काय. कधी कधी तिला गायचं नसायचं. तरी ती तिजोरी उघडायची, दोन ओळी ऐकायची आणि मग भाडेकरूंच्या तक्रारी, नळाचं पाणी, कुणाच्या सुनेने काय केलं, असं काहीबाही बोलत बसायची. संध्याकाळ व्हायची. मी निघते म्हटलं की म्हणायची, बंद करून दे आधी. बंद करायला काहीच लागत नव्हतं, पण तेही तिला स्वतः करायचं असायचं.

ती गेली ती एका दुपारी, जेवून आडवी झाली असताना. भावाचा फोन आला तेव्हा माझ्या हातात रंगाचा नमुना होता. तो मी शांतपणे जागेवर ठेवला, हातमोजे काढले आणि निघाले.

दिवस झाले, पाहुणे पांगले, मी मांजर्लीला परत आले. घरात शिरल्यावर पहिल्यांदा मी लॅपटॉप उघडला. मला तिचा आवाज ऐकायचा होता, बाकी काही नाही. पासवर्डचा चौकोन समोर आला, आणि मी सवयीने तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागले. मग मला कळलं.

पहिले काही दिवस मी वेड्यासारखं करत होते. माझं नाव घालून बघितलं, भावाचं घातलं, गावाचं, कुलदैवताचं. अक्षर न ओळखणारी बाई नाव कुठून टाईप करेल, एवढंही डोक्यात येत नव्हतं. मग वाटलं, तिने बोटांनी जागा लक्षात ठेवल्या असतील. तिच्या बोटांना हळद असायची. म्हणजे ज्या बटणांवर पिवळे डाग, ती तिची. मी लॅपटॉप खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. एकही डाग नव्हता. कसा असेल? प्रयोगशाळेत काम करणारी बाई मी. दर रविवारी घरी आल्यावर स्पिरिटचा बोळा घेऊन ती हळद बटणाबटणावरून मीच पुसून काढत होते, कोपऱ्याकोपऱ्यातून, काडीला कापूस गुंडाळून. त्या दिवशी मी माझ्या स्वच्छतेला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या जन्मात कुणाला दिल्या नाहीत.

त्या फाईलच्या प्रती माझ्याकडे भरपूर होत्या. पेनड्राइव्हवर होत्या, ऑफिसच्या कपाटात होती, इंटरनेटवर होती. पुराच्या गावात राहणारी माणसं अशी काळजी घेतातच. पण सगळ्या प्रती कुलपासकटच्या. एका बंद पेटीच्या चार बंद पेट्या केल्या होत्या मी. उघडी असताना गुपचूप एक प्रत काढून ठेवायला काय झालं होतं, असं ऑफिसात एकाने विचारलं. त्याला म्हटलं, शब्द दिला होता. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पुन्हा मी तो विषय ऑफिसात काढला नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एक सिंधी दुकानदार आहे, संगणक दुरुस्तीचा. बंद पडलेल्या डिस्कमधून तो लग्नाचे फोटो काढून देतो अशी त्याची ख्याती. मी त्याच्याकडे गेले. मला 'अदी', म्हणजे ताई, म्हणत त्याने सगळं ऐकून घेतलं, फाईल तपासली, मला चहा मागवला. चहा आला तेव्हाच मी समजले, कारण चांगली बातमी सांगायला कुणी चहाची वाट बघत नाही.

"अदी, इसमें रिपेअर करने जैसा कुछ खराब ही नहीं है," तो म्हणाला. "फाईल एकदम अच्छी है. बस, बंद है."

कितीही शब्द लावून बघायला सांगा, संगणक बघेल, पण पासवर्ड किती लांबीचा आणि कसला ते माहीत नसेल तर आपलं आयुष्य पुरणार नाही, असं त्याने समजावलं. मग विचारलं, मम्मीचा दुसरा एखादा व्हिडीओ नाही का? मी नाही म्हटलं. फोटोत आई नेहमी तोंड मिटून ताठ उभी. त्याने लॅपटॉप माझ्याकडे दोन्ही हातांनी दिला.

भावाला मात्र हा सगळा पोरखेळ वाटत होता. मावशी आहे की अजून, तिला सगळे धवले येतात, तिचे भरून घे, असं तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. तो म्हणत होता तो धवला, आणि मी म्हणत होते ती आई. मी त्याच्यावर ओरडले. तुला दोन जिने उतरले की आई दिसत होती, असं काहीतरी बोलले. त्याने ऐकून घेतलं. संध्याकाळी त्याने मला मोबाईलवर एक क्लिप पाठवली, कुणाकडून तरी मिळवलेली. ती डीजेवाल्याची होती. बिचाऱ्याला वाटलं, निदान हे तरी. मी दार लावून ती ऐकली. ढोलाच्या मधल्या फटीत आईची चिमणी दोनदा चिवचिवली. आई सोडून गेलेल्या जगात तिचा एवढाच आवाज शिल्लक होता, आणि तो तिला जेवणावरून उठवणारा होता. मी ती क्लिप पुसली नाही. पुन्हा ऐकलीही नाही.

मग मला चौकाचं सुचलं. तिजोरी उघडताना आई जे पुटपुटायची, ते चौक मांडताना पुटपुटायची तेच होतं. म्हणजे तिने बटणांवर चौकच मांडला असणार. पहिली चिमूट कुठे, दुसरी कुठे, तोच क्रम. आणि तो क्रम जगात आणखी एकाच माणसाला माहीत होता. रविवारी मी लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेले.

मावशी आमच्याच गावात, जुन्या आळीत एकटी राहते. मुलगा आणि सून नव्या मुंबईत गेलेत. दारात मला बघून ती आधी घाबरली, कोण गेलं म्हणून. कारण मी तिच्याकडे तशाच वेळी जायची. सगळं सांगितल्यावर तिने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि तांदळाचा डबा आणला. तांदूळ कशाला, नुसतं बोटाने दाखव, मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. तांदळाशिवाय तिच्या हाताला क्रम आठवेना. ती चिमटीने एकेका बटणावर तांदूळ सोडत गेली आणि मी तिच्या मागून ती बटणं दाबत गेले, जशी ती आईच्या मागून ओळ उचलायची. चुकला. तिने कोपऱ्यापासून सुरुवात केली. चुकला. मधून केली, देवाच्या बाजूने केली. दुपार उलटली. बटणांच्या फटीत तांदूळ अडकले आणि चौकोन तसाच रिकामा राहिला.

"चौकाचा नाय गो ता," मावशी शेवटी म्हणाली. "दुसराच कायतरी हाय."

मी लॅपटॉप तिरपा करून दाणे काढत बसले. मावशी डब्याचं झाकण लावत होती. आणि झाकण लावता लावता, उद्याच्या बाजाराबद्दल बोलावं तसं म्हणाली, "मी तिला बोलले व्हते, पोरीला सांगून ठेव. त मना म्हनली, शिकवला त ती यवाची बंद व्हईल."

माझे हात थांबले. इतके दिवस मी त्या डीजेवाल्याला बोल लावत होते. त्याच्यामुळे कुलूप लागलं, त्याच्यामुळे आवाज गेला. कुलूप त्याच्यासाठी नव्हतंच. ते माझ्यासाठी होतं. कुलपाच्या आधी मी गणपती आणि दिवाळीची पाहुणी होते, आणि त्याच्यानंतर माझा एक रविवार चुकला नव्हता. आईने मला पुरतं ओळखलं होतं. ती नुसती "ये" म्हणाली असती, तर मी म्हटलं असतं, बघते, पुढच्या महिन्यात जमतंय का. आणि मी इकडे मांजर्लीत भिंतींशी बोलत राहिले असते आणि ती तिकडे फाटकाशी उभी राहिली असती. अर्ध्या तासाच्या अंतरावर आम्ही दोघी सारख्याच एकट्या होतो, आणि त्यातल्या एकीलाच त्यावर काही करायचं सुचलं. मी रडले, मोठ्याने रडले, दिवस घालताना रडले नव्हते तशी. मावशीने मला रडू दिलं. मग उठून तिने चहा ठेवला.

चहा पिताना मी विचारलं, तुला ठाऊक आहे का ती काय दाबायची? मावशी अंगणाकडे बघत होती. तिथे एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्या बसून बसून झिजलेली, आणि आणखी दोन, एकात एक घालून भिंतीला लावलेल्या, वर धूळ.

"ठावं व्हता," ती म्हणाली. "आज नाय आठवत. पन आठवल. आयतवारी घेऊन ये परत ता मशीन. बसू निवांत."

तिला काहीही ठाऊक नव्हतं. जी बाई पोटच्या पोरीला तोंड फिरवायला लावायची, ती बहिणीला कशाला दाखवेल? मावशी माझ्या डोळ्यांत बघत नव्हती, कपातल्या चहाकडे बघत होती. मी लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला आणि म्हटलं, "सकाळीच येते."